आज गिरणी ११ ते २

बॅटरीच्या खोलीचं दार बाहेरून काळ्या रंगाने रंगवलं होतं, फळा म्हणून. रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला ताई यायची, ओल्या फडक्याने कालचं पुसायची, आत जाऊन मीटरवरचा आकडा बघायची, बाहेर येऊन कपाळावर हात धरून आभाळ बघायची आणि मग खडूने लिहायची. 'पंप ९ ते १०. आज गिरणी ११ ते २. टीव्ही ७ ते ९.' खाली एक चित्र. कधी पूर्ण सूर्य, कधी अर्धा, कधी नुसता ढग. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना त्या चित्रावरून दिवस कळायचा. दळणाची पाटी डोक्यावर घेऊन निघालेली एखादी म्हातारी लांबूनच ढग पाहून मागे वळायची.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातला हा एक पाडा. एकतीस घरं. भात, नागली, वरई, उडीद. मी वीज कंपनीतून निवृत्त झालो आणि पुढची काही वर्षं तिथे जात-येत राहिलो, कारण तिथे एका देणगीतून ८ किलोवॅटचं सौर संयंत्र बसलं होतं आणि ते चालवायला कुणीतरी शिकवावं लागणार होतं. शिकवायला गेलो होतो खरा, पण आज लिहायला बसलो आहे ते तिथे जे शिकलो त्याबद्दल.

त्याआधी माझ्या आजोबांबद्दल सांगितलं पाहिजे. आजोबा पाटकरी होते. साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी, पिंपळनेरच्या खालच्या अंगाला आमचं गाव. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं जुने दगडी बंधारे आहेत आणि त्या बंधाऱ्यांच्या पाण्यावर चालत आलेली फड पद्धत. बंधाऱ्याखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. त्या थळाचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात भुईमूग, असं. आणि साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असायचा. पाणी सोडायला पाटकरी, प्रत्यक्ष शेतात भरायला बारेकरी, राखणीला जागल्या. शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. आजोबांना त्याबद्दल खळ्यावर धान्य मिळायचं.

लहानपणी मला वाटायचं की जमिनीचे असे तुकडे करून ठेवणं हा वेडेपणा आहे. एकाच माणसाला चार ठिकाणी फिरावं लागतं. आजोबा म्हणायचे, पाणी कमी पडेल त्या साली कळेल तुला. पाणी कमी पडलं की पंच बसत आणि एक अख्खा फड बंद करत. त्या वर्षी त्या फडाला पाणी नाही. तो फड सगळ्यांचा असल्यामुळे प्रत्येकाचं थोडं थोडं जायचं, कुणाचंच सगळं जायचं नाही. वरच्या शेतकऱ्याला पाणी आणि शेवटच्याला धूळ, असं होऊ शकत नव्हतं. तूट माणसांवर पडत नसे, पिकावर पडे. मी पुढे डिप्लोमा केला, नोकरीला लागलो, आणि हे सगळं विसरलो.

नोकरीतली सगळ्यात वाईट वर्षं म्हणजे २००५ नंतरची, भारनियमनाची. वयाने पस्तिशीच्या पुढे असलेल्या कुणालाही ती आठवत असतील. मी तेव्हा एका ग्रामीण उपकेंद्रावर होतो. राज्यात वीज कमी, मागणी जास्त, म्हणजे कुठेतरी तोडावी लागणारच. तोडायची कशी, तर गळती आणि वसुली यांप्रमाणे फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे निघणाऱ्या वाहिन्यांचे, गट पाडले होते. ज्या भागात चोरी जास्त, थकबाकी जास्त, तिथे जास्त तास अंधार. वरवर पाहता यात न्याय आहे. पण एक गृहस्थ दर महिन्याला बिल भरल्याची पावती घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहायचे. "साहेब, मी भरतो. माझा शेजारी आकडा टाकतो. मग माझी पोरगी दहावीचा अभ्यास चिमणीवर का करते?" मी त्यांना गटांचा तक्ता दाखवायचो. तक्त्यात त्यांच्या मुलीला जागा नव्हती. शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज, म्हणून बिबट्याच्या भागातली माणसं मध्यरात्री बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जात. फीडर बंद करणारा हात माझा होता. निवृत्तीनंतर पाड्यावर जायचं कबूल केलं त्यामागे हेही होतं.

आता पाड्याचं गणित. आपल्याकडे एक किलोवॅटची पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवसात साधारण चार युनिट वीज देतात. ८ किलोवॅट म्हणजे बत्तीस. त्यातली जी बॅटरीतून फिरून येते तिच्यात घट होते, तेव्हा हातात पंचवीस-सव्वीस धरायची. बॅटरी बँकेची क्षमता अडतीस युनिट, पण लेड-ॲसिड बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर दोन वर्षांत मरते. म्हणून निम्मीच वापरायची. गावाच्या रांजणासारखं, तळाशी हात घालायचा नाही.

पिठाची गिरणी दोन हॉर्सपॉवरची. तासाला दीड युनिट. ती आणली तेव्हा बायकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दिवा लागल्यावरही उमटलं नव्हतं, कारण आधी दळण घेऊन पाच किलोमीटर चालावं लागे, किंवा पहाटे उठून जात्यावर बसावं लागे. पण गिरणी संध्याकाळी लावली की बॅटरी ओढली जाते. दुपारी लावली तर पॅनेलवरची वीज थेट गिरणीत जाते, बॅटरीत जाऊन परत येत नाही. अकरापर्यंत बॅटरी बऱ्यापैकी भरते आणि त्यानंतरचं ऊन उतू जायला लागतं. तेव्हाच दळायचं. 'आज गिरणी ११ ते २' ही ओळ अशी आली. पंप सकाळी ९ ला, कारण बायका पाणी भरून शेतावर जातात. टीव्ही ७ ते ९, आणि नऊनंतर घरात दिवे आणि मोबाईल एवढंच.

ताईला मी हे सगळं आकड्यांत समजावत होतो. ती बारावी शिकलेली, पाड्याची सून, समितीने तिला महिन्याच्या मानधनावर ठेवलेली. तिने दोन दिवस ऐकून घेतलं आणि मग स्वतःची वही केली. त्यात युनिट नव्हते. त्यात 'पायली' होती, धान्य मोजायचं जुनं माप. एक पायली म्हणजे एक युनिट. आज आवक तीस पायली, जावक वीस पायली, कणगीत इतकी शिल्लक. पाड्यावरच्या सगळ्यांना ते एका झटक्यात कळलं. मी तीस वर्षं लोकांना किलोवॅट-अवर समजावत होतो आणि माझ्या कधी हे डोक्यात आलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात कसोटी लागली. पेठचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. आषाढात सलग सहा दिवस सूर्य दिसला नाही. बत्तीसच्या जागी दहा युनिट, एक दिवस तर आठच. मी आधीच समितीला एक कोष्टक करून दिलं होतं: वीज कमी असेल तेव्हा वरच्या आळीला एक दिवस, खालच्या आळीला एक दिवस. आळीपाळीने. मला ते अगदी सरळ वाटलं होतं. नोकरीभर मी तेच केलं होतं.

तिसऱ्या रात्री खालच्या आळीत अंधार होता आणि तिथल्या एका घरात आठ दिवसांची बाळंतीण होती. तिची सासू पावसात डोक्यावर इरलं घेऊन बॅटरीच्या खोलीपाशी आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "वरच्या आळीत टीव्ही लागलाय. आवाज ऐकू येतोय."

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सगळे जमले. छपरावर पाऊस इतका वाजत होता की ओरडून बोलावं लागत होतं. कुणी म्हणालं, सगळ्यांना आठ वाजता बंद करा. कुणी म्हणालं, जास्त पैसे भरणाऱ्याला जास्त द्या, हेही एकदा होऊन जाऊ दे. ताई वही घेऊन उभी राहिली आणि तिने मला सगळ्यांसमोर विचारलं, "काका, एका घरात एकच दिवा, संध्याकाळी पाच तास, असं एकतीस घरांत लावलं तर किती पायली?"

मी कागदावर मांडलं. ९ वॅटचा दिवा, एकतीस घरं, पाच तास. १३९५ वॅट-अवर. दीड युनिटसुद्धा नाही.

"आणि गिरणीला तासाला किती म्हणालात?"

दीड.

एक म्हातारा खांबाला टेकून बसला होता. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. गिरणी एक तास बंद ठेवली की सगळ्या पाड्याला रातचा उजेड. मग त्याने विचारलं की हे आधी कुणी का सांगितलं नाही.

त्या बैठकीत जे ठरलं ते पुढे तिथला कायदा झालं. वीज कमी पडली की घर बंद करायचं नाही, काम बंद करायचं. पहिल्यांदा गिरणी. मग टीव्ही, सगळीकडचा. मग रस्त्यावरचे दिवे एकाआड एक. मग घरातला दुसरा आणि तिसरा दिवा. पंप प्यायच्या पाण्यापुरता. आणि प्रत्येक घरातला एक दिवा आणि मोबाईलचं चार्जिंग शेवटपर्यंत. गिरणी बंद असेल त्या दिवसांसाठी प्रत्येक घराने चार दिवसांचं पीठ पुढे ठेवायचं, आणि ज्या घरी पीठ नसेल त्यांनी शेजारून उसनं घ्यायचं, ऊन पडल्यावर परत करायचं.

मी माझं कोष्टक घडी करून खिशात ठेवलं. घरी परतताना, घाटात एसटी धुक्यात अडकून उभी होती तेव्हा मला लख्ख आठवलं की हा फड आहे. प्रत्येक घराचा तुकडा प्रत्येक फडात आहे: दिव्यात, दळणात, टीव्हीत, पाण्यात. तूट आली की एक फड बंद. त्या लोकांनी पांझरा पाहिलेली नव्हती आणि मी तिच्या काठी वाढलो होतो.

सगळं गोडीगुलाबीने चाललं असं नाही. एका होळीला समितीतल्याच एका घराने मीटरच्या अलीकडून वायर ओढून पाणी तापवायचा रॉड लावला. हजार वॅटचा रॉड. बॅटरीचा दाब घसरला, इन्व्हर्टरने जीव वाचवायला सगळं बंद केलं आणि सणाच्या रात्री पाडा काळोखात गेला. दंड पाचशे रुपये ठरला होता. पण पंचांनी पैसे घेतले नाहीत. त्या घरातल्या तरुणाला महिनाभर रोज संध्याकाळी बॅटरीच्या खोलीत बसवलं, चोवीस सेलचं पाणी तपासायचं, घनता मोजायची, वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात तो मान खाली घालून यायचा. महिना संपल्यावरही येत राहिला. ताई बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा खोली त्यानेच सांभाळली.

मी तेव्हा इतर ठिकाणांबद्दल मिळेल ते वाचत असे. बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचं गाव आहे. तिथे २०१४ साली ग्रीनपीसने १०० किलोवॅटचं सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं विजेचं जाळं, उभारलं आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. लोकांनी मात्र 'असली बिजली' मागितली. कारण त्या विजेवर फ्रिज चालवायचा नाही, जास्त ओढणारं काही लावायचं नाही, आणि दरही सरकारी विजेपेक्षा जास्त. पुढे तारेची स्वस्त वीज आली, बॅटऱ्या संपल्या आणि त्या जागेत गुरं बांधली जाऊ लागली. धरनईच्या लोकांना मी दोष देणार नाही. शहरात कुणी फ्रिज लावू नकोस म्हणून सांगत नाही, मग त्यांनीच का ऐकावं? मर्यादा कुणी घातली यावर ती पाळली जाते की नाही हे ठरतं, असं मला वाटतं, आणि पैशाचा हिशेब जुळला नाही तर तेही पुरत नाही.

याच्या अगदी उलट एक बेट आहे, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं एग. वस्ती शंभरएक माणसांची. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींवर चालणारं स्वतःचं जाळं सुरू केलं. तिथे कोणत्याही घराने एका वेळी ५ किलोवॅटपेक्षा जास्त ओढायची नाही, दुकान-धंद्याने १० पेक्षा जास्त नाही. घर मोठं असो की लहान, मर्यादा तीच. वीज कमी असली की लाल खूण, मग माणसं धुणं पुढे ढकलतात. उतू जायला लागली की ती वीज गावच्या सभागृहासारख्या सार्वजनिक इमारती ऊबदार ठेवायला वळवली जाते. लाल खुणेबद्दल वाचलं तेव्हा मला दारावरचा ढग आठवला.

पाड्यावरही तारेची वीज आली, घरोघर वीजजोडणी देणाऱ्या सौभाग्य योजनेच्या काळात. खांब उभे राहिले, मीटर लागले. आता धरनईसारखंच होणार असं धरून मी मनाची तयारी केली होती. घरांनी टीव्ही आणि पंखे तारेवर नेले, तेही बरोबरच केलं. बॅटऱ्याही थकल्या होत्या, नव्या घ्यायला साठवलेला निधी अर्धाच होता. समितीने बॅटऱ्या भंगारात दिल्या, त्या पैशात निधी घालून गिरणी आणि पंप दोन्ही थेट पॅनेलवर चालतील असे कंट्रोलर बसवले. दिवसाची कामं उन्हावर, रात्रीची तारेवर. पावसाळ्यात तारेची वीज चार-चार दिवस जाते, त्यासाठी एकच छोटी बॅटरी ठेवली आहे, एका घराला एक दिवा पुरेल इतकी. ते शेवटचं कलम त्यांनी सोडलं नाही.

आता मी नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो. चोवीस घरांची इमारत. गेल्या वर्षापासून गच्चीवर २० किलोवॅट सोलर बसवायचं चाललं आहे. पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,०००. पैशाची बाजू जमण्यासारखी आहे. अडलं आहे ते वाटपावर. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांना लागून जी वीज उरेल ती घरांच्या बिलांत ठरलेल्या टक्क्यांनी वळती करायची, याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीत २०१९ पासून त्याचे नियम आहेत. टक्के कसे ठरवायचे? क्षेत्रफळाप्रमाणे, म्हणतात तीन बेडरूमवाले. सगळ्यांना सारखे, म्हणतात एक बेडरूमवाले. वर्गणीप्रमाणे, म्हणतात ज्यांनी आधी पैसे काढून दाखवले ते. आणि वरच्या मजल्यावरच्यांना वाटतं की गच्ची थोडी जास्त त्यांची आहे.

नेट मीटरिंगमध्ये आणखी एक गोष्ट मला टोचते. दुपारी जास्तीची वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री ती बिलात वजा करून घ्यायची. कागदावर हिशेब जुळतो, त्यामुळे कुणाला वेळेचं भान राहत नाही. पण संध्याकाळी साडेसातला चोवीस घरांचे एसी आणि गिझर लागतात तेव्हा गच्चीवर काळोख असतो. ती वीज कुठल्या तरी औष्णिक केंद्रातून येते. दुपारी काय लावता येईल याचा विचार केला तर खरंच बरंच काही लावता येतं: पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री, गाडीचं चार्जिंग. मी मीटिंगमध्ये हे सांगितलं. पंपाची वेळ पहाटे ५ वरून दुपारी १२ वर न्यायला सगळे तयार झाले, फक्त टाकीचा फ्लोट आधी दुरुस्त करावा लागला. सोलर यायच्या आधीच वेळ बदलली, सवय लागावी म्हणून.

टक्क्यांबद्दल मी एक कागद केला आहे. विलासराव साळुंखे यांनी दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत सुरू केली तेव्हा पाणी जमिनीच्या एकरांवर दिलं नाही. घरातल्या माणसांवर दिलं, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही. आणि ज्यांना जमीनच नाही त्यांचाही पाण्यात हक्क. एवढं सगळं सोसायटीत चालणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून माझ्या कागदात आधी सामायिक वापर, मग निम्मी वीज चोवीस घरांना सारखी, आणि उरलेली वर्गणीप्रमाणे. तीन बेडरूमवाल्यांपैकी दोघांनी होकार दिला आहे. वरच्या मजल्याशी बोलणं चालू आहे.

दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. महिन्याला चाळीस-पंचेचाळीस युनिट, त्यापेक्षा जास्त त्यांचं बिल कधी आलेलं नाही. परवा त्यांनी मला जिन्यात थांबवलं आणि विचारलं की त्यांच्या वाट्याची जी उरेल ती खाली वॉचमनच्या खोलीला देता येईल का. त्या खोलीत तो, त्याची बायको आणि दोन मुलं राहतात. उन्हाळ्यात टेबलफॅन रात्री बंद करायला सांगतात त्यांना, सोसायटीचं बिल वाढतं म्हणून. माझ्या तक्त्यात चोवीस रकाने होते. मी घरी येऊन पाहिलं. खोली सामायिक मीटरवर आहे, त्यामुळे वेगळा रकाना लागत नाही, सामायिक हिस्सा एक टक्क्याने वाढवला तरी पुरतं. चार माणसांना दोन पंखे आणि दिवे, महिन्याला वीसेक युनिट. रविवारच्या मीटिंगच्या कागदात ते पहिल्या कलमातच घातलं आहे, पंप आणि लिफ्टच्या ओळीत.